फायद्यासाठी केलेल्या मदतीचे आभार मानायचे का?



आपल्याकडे दोन वाक्ये नेहमी कानावर पडतात. पहिले असे : "मी कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो." आणि दुसरे : "त्याने मदत केली खरी, पण त्यात त्याचाही फायदा होताच की!" पहिले वाक्य बोलणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो, त्याला तसे मनापासून वाटत असते. दुसरे वाक्य तर पुष्कळदा अगदी खरे असते. कृषी सेवा केंद्राचा मालक दुष्काळी वर्षात उधारीवर बी-खत देतो, त्याला गिऱ्हाईक टिकवायचे असते. डेअरीवाला गाय घ्यायला आगाऊ पैसे देतो, कारण दूध त्याच्याच डेअरीला येणार असते. सोसायटीचे कर्ज काढून देणारा पुढारी पुढच्या निवडणुकीकडे पाहत असतो. मग प्रश्न पडतो : ज्याने स्वतःच्या फायद्यासाठी मला मदत केली, त्याचे मी काही देणे लागतो का? पैसे फेडले, व्याज दिले, मत दिले, व्यवहार संपला. आभार कशाचे मानायचे?

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. कारण नीट पाहिले तर जगात बिनफायद्याची मदत फार थोडी सापडते. फायद्याच्या मदतीचे आभार मानायचे नाहीत असे ठरवले, तर आभार मानायला आई-वडिलांपलीकडे फारसे कुणी उरत नाही. आणि तेही म्हातारपणाच्या काठीसाठीच पोरे वाढवतात, असे म्हणणारे महाभाग आहेतच.

यावर विचार करण्यासाठी आज मी तुम्हाला पाईनच्या झाडाखाली नेणार आहे. श्रीगोंद्यात पाईनचे रान नाही हे मला ठाऊक आहे. नाताळात आपण नर्सरीतून कुंडीतले जे 'ख्रिसमस ट्री' आणतो ते बहुधा अरौकेरिया असते, दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे. ते पाईनचे लांबचे नातेवाईक म्हणता येईल. पण आपल्यापैकी जे वेलांकनीच्या यात्रेला जाऊन परतताना कोडाईकनालला गेले असतील, त्यांनी तिथले पाईनचे रान पाहिले असेल. उंच, सरळ खोडे, खाली सुयांसारख्या पानांचा मऊ थर, आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी. हे रान मुळात तिथले नाही, माणसाने लावलेले आहे. आणि अशा लावलेल्या पाईनची गोष्टच मला सांगायची आहे.

पाईन, देवदार, स्प्रूस यांना सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. त्यांतले पाईन हे मूळचे पृथ्वीच्या उत्तर भागातले : युरोप, उत्तर अमेरिका, आपला हिमालय. लाकडासाठी आणि कागदासाठी ते उपयोगी, वाढतात सरळ आणि लवकर. म्हणून माणसाने ते जिथे कधीच नव्हते अशा देशांत नेऊन लावले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, काही कॅरिबियन बेटे, आणि आपल्याकडे निलगिरी व पळणीचे डोंगर. बी चांगले होते, पाऊस पुरेसा होता, जमीनही बरी होती. तरी काही ठिकाणी एक विचित्र गोष्ट घडली. बी उगवे, रोप वीतभर होई, मग पिवळे पडे आणि तिथेच थांबे. खत घालून पाहिले, पाणी वाढवून पाहिले, फरक पडेना.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वनखात्याच्या रोपवाटिकांत असे झाले तेव्हा लोकांच्या लक्षात आले की जिथे पाईन आधीपासून चांगले वाढले आहेत, तिथली थोडी माती आणून या वाफ्यांत मिसळली की आजारी रोपे हिरवी होतात. वनखात्याचे प्रमुख एस. एल. केसेल यांनी 1927 मध्ये हे लिहून ठेवले. पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावर तर पाईन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत राहिले. शेवटी 1955 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून, पाईनखालची माती तिथे नेली. त्या मातीतली रोपे तरारून वाढली, शेजारची बिनमातीची रोपे खुरटलेली राहिली किंवा मेली.

टोपलीभर मातीत असे काय होते?

याचे उत्तर जर्मनीत आधीच निघालेले होते. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या महागड्या, जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीची लागवड करायची होती. हे काम त्यांनी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले. फ्रँक यांनी झाडांची मुळे उकरून पाहिली, तेव्हा त्यांना दिसले की पुष्कळ वनवृक्षांची कोवळी मुळे उघडी नसतातच. त्यांच्यावर बुरशीचे आवरण असते, पायात मोजा घालावा तसे. बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रोग येतो. पण ही झाडे रोगी नव्हती, चांगली ठणठणीत होती. 1885 मध्ये फ्रँक यांनी या जोडीला ग्रीक शब्दांवरून नाव दिले, 'मायकोरायझा', म्हणजे बुरशी-मूळ. झाडाला ही बुरशी पोसते असे त्यांनी म्हटले तेव्हा पुष्कळ विद्वानांना ते पटले नाही. पुढे फ्रँक यांनी पाईनची रोपे तापवून निर्जंतुक केलेल्या मातीत आणि साध्या मातीत वाढवून दाखवली. साध्या, 'घाणेरड्या' मातीतली रोपे सरस निघाली.

काम चालते ते असे. मुळाच्या आवरणातून बुरशीचे धागे बाहेर मातीत पसरतात. हे धागे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मूळ जिथे शिरू शकत नाही अशा मातीच्या फटीत ते शिरतात, आणि तिथले स्फुरद, नत्र, पाणी झाडाकडे आणतात. स्फुरद पाण्याबरोबर सहज वाहत येत नाही. मुळाने आपल्या भोवतीचे संपवले की ते थांबते, पुढचे आणायला कुणीतरी जावे लागते. ते जाणारे म्हणजे हे धागे. बुरशीला हिरवी पाने नाहीत, तिला उन्हातून अन्न करता येत नाही. ती झाडाकडून साखर घेते. पावसाळ्यात पाईनखाली ज्या छत्र्या उगवतात (आपण ज्याला कुत्र्याची छत्री म्हणून लाथेने उडवतो तसल्या), त्यांतल्या पुष्कळ म्हणजे याच बुरशीची फळे. पाईनला चालणाऱ्या या बुरशी नव्या देशाच्या मातीत नव्हत्या, तिथल्या झाडांचे सोबती वेगळे होते. म्हणून बी आले, पण सोबती मागे राहिला. टोपलीभर मातीतून तो आला.

आता हे सारे परदेशातले वाटत असेल तर आपल्या लिंबाकडे या. श्रीगोंद्याचे लिंबू कुठे कुठे जाते ते तुम्हाला सांगायला नको. लिंबाच्या मुळावर केसासारखे तंतू फार थोडे असतात, त्यामुळे त्याला बुरशीची गरज इतर झाडांपेक्षा जास्त. पाईनची बुरशी मुळावर मोज्यासारखी बसते, लिंबाची बुरशी वेगळ्या जातीची आहे. ती मुळाच्या पेशीच्या आत शिरून तिथे इवलेसे झुडूप करते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या दहापैकी सात जाती या दुसऱ्या प्रकारात मोडतात. ऊस, ज्वारी, कांदा, डाळिंब सगळे त्यात आले. अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपांच्या वाफ्यांत रोग नको म्हणून विषारी वायूने माती धुरावत असत. रोग गेले, पण रोपेही खुजी राहू लागली. 1972 मध्ये, म्हणजे आपण इकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होतो त्याच वर्षी, दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की धुरीत सोबती बुरशीही मेली हेच त्याचे कारण. शत्रूबरोबर सोयराही मारला गेला होता.

आज आपल्या कृषी सेवा केंद्रात 'मायकोरायझा' नावाची पुडी मिळते ती याच बुरशीची. ती घालून कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. ज्या रानात ही बुरशी आधीच भरपूर आहे तिथे पुडीने फारसे काय होणार? आणखी एक गोष्ट आहे. डीएपीचा मारा केला, स्फुरद मुळापाशी भरपूर झाले, की झाड बुरशीला मुळात घेणे कमी करते. गरज संपली, ओळख संपली. (मोहरी आणि कोबी या घराण्याने तर ही भागीदारी केलेलीच नाही, आणि त्यांचे काही अडत नाही. म्हणून 'निसर्गात सगळे एकमेकांवर अवलंबून असतात' असे कुणी व्याख्यानात म्हणाले की मला कोबी आठवतो.)

इथे एक सावधगिरी. या विषयावर अलीकडे पुष्कळ गोड गोष्टी पसरल्या आहेत. जंगलातली 'आई झाडे' जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून आपल्या पिल्लांना दूध पाजावे तसे अन्न पोहोचवतात, आजारी शेजाऱ्याला मदत करतात, वगैरे. मोबाईलवर असे संदेश फिरतात, आणि प्रवचनाला ते फार सोयीचे असतात. याचे मूळ एका खऱ्या संशोधनात आहे. कॅनडात सुझान सिमार्ड यांनी 1997 मध्ये दाखवले की बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये जमिनीखालून कर्ब एकीकडून दुसरीकडे जातो. पण त्यावर पुढे जी इमारत चढली ती पायाला झेपणारी नव्हती. 2023 मध्ये या क्षेत्रातल्याच तीन शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे तपासले आणि सांगितले की रानातल्या झाडांबाबत असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. चांगला धडा देता यावा म्हणून खऱ्यात भर घालणे मला पटत नाही. झाडांनी संत व्हावे अशी मागणी आपण का करावी?

खरे काय आढळले आहे ते कमी गोड पण जास्त विचार करायला लावणारे आहे. 2011 मध्ये टोबी किअर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच झाडाच्या मुळांवर कमी-जास्त देणाऱ्या बुरशी ठेवल्या. झाडाने जी जास्त स्फुरद देते तिला जास्त साखर दिली. उलटही तसेच झाले, जे मूळ जास्त साखर देते त्याला बुरशीने जास्त स्फुरद दिले. म्हणजे हा सरळ बाजार आहे, देशील तसे घेशील. आणि तरीही या बाजारावर पृथ्वीवरची बहुतेक हिरवळ उभी आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे 40 कोटी वर्षे जुन्या दगडांत अशा बुरशीसह वनस्पतींचे अवशेष सापडले आहेत. 2023 च्या एका अंदाजानुसार जगातल्या वनस्पती दरवर्षी या बुरशींकडे जो कर्ब सोपवतात तो 13 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, म्हणजे माणूस कोळसा-तेल जाळून जितका सोडतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एवढे सगळे घडते त्यात कुणीही कुणावर उपकार करत नाही.

मग पाईनने बुरशीचे आभार मानावेत का? झाडाला आभार मानता येत नाहीत हे सोडा. आपण पाईनच्या जागी असतो तर?

हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेच्या परंपरेत फार पूर्वी विचारला गेला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात कृतज्ञतेवर एक प्रकरण लिहिले. त्यात ते हीच शंका घेतात की समोरच्याने स्वतःच्या लाभासाठी भले केले तर आपण बांधील आहोत का? उत्तरासाठी ते सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याचा आधार घेतात, जो ख्रिस्ती नव्हता. त्याचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगायचे तर असे. आपल्या जनावराला चारा घालणारा माणूस जनावरावर उपकार करत नाही, तो स्वतःचेच पाहत असतो. ज्याने मला असे चारा घालून पोसले त्याचे मी काही लागत नाही. पण ज्याने आपल्याबरोबर माझाही विचार केला, आपल्या लाभात मलाही भागीदार करून घेतले, त्याला लाभ झाला म्हणून मी नाक मुरडले तर मी कृतघ्न आहे. त्याचेही भले झाले याचा मला आनंदच व्हायला हवा.

मला हे उत्तर फार मोलाचे वाटते, कारण ते प्रश्नच बदलून टाकते. 'त्याचा फायदा होता का?' हा प्रश्न नाही. फायदा असणारच. प्रश्न असा की त्याच्या हिशेबात मी माणूस होतो की बैल?

आपल्या भागात हा फरक शिकायला पुस्तकाची गरज नाही. दरवर्षी गळीत हंगामात ऊसतोड मजूर येतात. मुकादम त्यांना आधी 'उचल' देतो, हजारो रुपये, तेही अडचणीच्या वेळी. लग्न, आजारपण, पेरणी त्यावर निघते. बाहेरून पाहणारा म्हणेल, केवढी मदत! पण हिशेब कसा होतो? नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसे, नाव एका हत्याराचे. बाई आजारी पडली तर खाडा कापला जातो. उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते. सगळे मुकादम वाईट असतात असे नाही, तेही वरच्याला बांधलेले असतात. पण या व्यवहाराची भाषाच चाऱ्याची आहे. असल्या मदतीबद्दल मजुराने उपकृत राहावे असे कुणी सांगू लागला तर संत थॉमस त्याच्या बाजूला उभे राहणार नाहीत.

दुसरी बाजूही बोलायला हवी, ती आपल्या घरातली आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांना टोमणा ऐकावा लागला की तुम्ही पोटासाठी धर्म बदलला, मिशनने तुम्हाला शाळा-दवाखाना दिला तो त्यांच्या फायद्यासाठी. नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन काम करत होते, नंतर आपले जेज्वीट फादर आले. त्यांना काही हवे होते का? होते. ते त्यांनी कधी लपवले नाही, त्यांना वाटे की लोकांनी ख्रिस्ताकडे यावे. तेव्हा ही मदत 'बिनफायद्याची' होती असे सिद्ध करायला निघालो तर आपण हरू, आणि हरण्याचे कारणही नाही. विचारायचे ते एवढेच : गावाने ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याला या लोकांनी काय मानले? त्यांनी त्याला अक्षर शिकवले. बैलाला कुणी वाचायला शिकवत नाही. वाचायला शिकलेला माणूस उद्या आपल्यालाच प्रश्न विचारेल, सोडूनही जाईल, हे शिकवणाऱ्याला कळत असते. सगळीकडे, सगळ्यांनी असेच वागवले असा माझा दावा नाही. मिशनच्या कंपाऊंडमध्येही कोयत्याचा हिशेब करणारे असतील. घराघराने आपापले तपासून पाहावे. पण 'त्यांचाही हेतू होताच' एवढ्यावर आभार रद्द होत नाहीत.

1965-66 च्या टंचाईत अमेरिकेतून पीएल-480 खाली लाल गहू आला. त्यांच्याकडे धान्य शिल्लक पडले होते, भाव पडू द्यायचे नव्हते, आणि त्या धान्यावर राजकारणही चालू होते. तो गहू खाऊन वाढलेली पिढी आज आजी-आजोबा आहे. तिथे भागीदारी किती आणि चारा किती, यावर अजून वाद घालता येईल. मला वाटते दोन्ही होते. तसे असले तर आभार आणि हिशेब दोन्ही ठेवावेत, एकाने दुसरे पुसू नये.

आणि बुरशी? तिच्या हिशेबात आपण माणूस की बैल हे विचारण्यात अर्थ नाही, तिला मन नाही. तिचे आभार मानणे म्हणजे लहान मुलाने पायरीला लागले म्हणून पायरीला मारण्याइतकेच, फक्त उलटे. पण म्हणून काहीच लागत नाही असेही नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात कलम केलेल्या फांदीला मुळाची आठवण करून दिली आहे. तिथे विषय वेगळा आहे, यहुदी आणि यहुदीतर यांचा. तरी शेतकऱ्याला त्यातला साधा अर्थ चटकन कळतो : आपण कशावर उभे आहोत ते फांदीने विसरू नये, आणि फुशारकी मारू नये. 'स्वतःच्या हिमतीवर' हे वाक्य पाईन बोलू शकला असता तर कोडाईकनालचा सगळ्यात उंच पाईन ते बोलला असता. हिंमत खोटी नाही, साखर त्यानेच केली होती. पण वाक्य अपुरे आहे. त्याच्या पायाखाली जे होते त्याचे आभार नसले तरी नोंद तरी लागते. आणि नोंद ठेवणारा माणूस ते सहजासहजी मोडत नाही. वर्षानुवर्षे पाचट जाळले, रान सतत उलटेपालटे नांगरले, काही महिने पीकच ठेवले नाही, की हे धागे तुटतात, कमी होतात. पाचट कुजवा असे कृषी खाते सांगते ते सेंद्रिय कर्बासाठी, पण त्याबरोबर हेही राखले जाते.

शेवटी एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय ही कथा प्रामाणिक होणार नाही. पाईन आणि बुरशी यांची भागीदारी दोघांच्या फायद्याची आहे. तिसऱ्याचे काय? निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर पाईन लावण्यापूर्वी गवताची कुरणे होती, आणि खोलगट जागांत शोला नावाची ठेंगणी जंगले. तिथले गवत, तिथली झुडपे, पाणी धरून ठेवणारी ती जमीन, हे सारे परदेशी झाडांखाली दबत गेले. दक्षिण आफ्रिकेत आणि न्यूझीलंडमध्ये तर पाईन लावलेल्या जागेतून निसटून रानोमाळ पसरले आहेत, आणि त्यांना पसरायला मदत केली ती बरोबर आलेल्या त्याच बुरशींनी. न्यूझीलंडमध्ये असे आढळले की पाईन तोडून टाकले तरी त्यांच्या बुरशी मातीत मागे राहतात, आणि पुढचे पाईनचे बी पडले की त्याला सोबती आयता मिळतो. दोघांमधला प्रामाणिक व्यवहार तिसऱ्याला नाहीसा करू शकतो, आणि त्यात दोघांपैकी कुणाचाही वाईट हेतू नसतो.

आपण इथे थोडे आहोत, म्हणून एकमेकांना धरून आहोत. भिशी, बचत गट, नोकरीसाठी शब्द टाकणे, पुण्यात पोराला खोली मिळवून देणे, सोयरीक जुळवणे, हे सगळे आपण आपसात करतो, आणि करावेच. त्यातूनच आपली घरे उभी राहिली. पण हे धागे कुठवर जातात ते अधूनमधून पाहायला हवे. गळीत हंगाम सुरू झाला की गावाबाहेर ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांनी तोडलेल्या उसाच्या पैशातूनच आपल्यापैकी ऊसवाल्यांचे सोसायटीचे हप्ते फिटतात. चार-पाच महिने ती माणसे आपल्या रस्त्याने ये-जा करतात, त्यांची पोरे आपल्या हापशावर पाणी भरतात. मार्च-एप्रिलमध्ये कोप्या मोडतात आणि ती निघून जातात. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक होती, हे या वर्षी कोप्या मोडण्याआधी प्रत्येकाने आपापल्या घरी विचारून पाहावे.